मायचा हप्ता, लेकाची वजावट

आयकराच्या कायद्याला आई-वडील माहीत आहेत, सासू-सासरे माहीत नाहीत. ही थट्टा नाही. समजा, भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत एक घर आहे. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, बायको लाखनीच्या बँकेत. गुरुजींची माय याच घरात राहते. तिचं जेवणखाण, गोळ्या, दवाखाना सगळं सूनबाई पाहतात. मायच्या मेडिक्लेमचा हप्ता सूनबाईंनी आपल्या पगारातून भरला, तर त्यांना आयकरात एका रुपयाचीही वजावट मिळत नाही. तोच हप्ता गुरुजींनी भरला तर मिळते. आणि सूनबाईंनी पवनीत राहणाऱ्या, स्वतःची पेन्शन घेणाऱ्या, लेकीकडून कधी चार आणेही न मागणाऱ्या आपल्या आईचा हप्ता भरला तर? वजावट मिळते!

हे सगळं कलम ८० डी मध्ये आहे. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम बाजारात आणली आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने हे कलम जन्माला घातलं. तेव्हा मर्यादा होती वर्षाला ३,००० रुपये. २००८ साली आई-वडिलांसाठी वेगळी मर्यादा आली. आज स्वतः, जोडीदार आणि मुलं यांच्यासाठी २५,००० रुपये आणि आई-वडिलांसाठी आणखी २५,००० रुपये, असा हिशोब आहे. ज्या बाजूला साठी ओलांडलेलं माणूस असेल त्या बाजूचे ५०,००० होतात. मुलं अवलंबून असावी लागतात, आई-वडील नसले तरी चालतं. त्यांच्यासाठी कलमात तशी अटच नाही. लेकीचं लग्न झालंय का, ती कोणत्या घरी नांदते, हे कायदा विचारतच नाही. कर आकारायला बसलेल्या कोरड्या कलमाने लेक आणि लेक यांच्यात फरक केला नाही, हे मला फार आवडतं. सुनेला मात्र त्याने दाराबाहेर ठेवलं. ज्येष्ठांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यातही सून नाही. तिला आणि जावयाला त्यात आणू पाहणारं विधेयक २०१९ मध्ये मांडलं गेलं. पण तिथे तिचं नाव आलं ते सांभाळण्याची जबाबदारी असलेल्यांच्या यादीत. ते विधेयक मंजूर झालं नाही.

आता ‘साठी ओलांडलेलं’ म्हणजे नेमकं कधी? वर्षभरात केव्हाही साठ पूर्ण झाली की ते अख्खं आर्थिक वर्ष ज्येष्ठांचं. मग १ एप्रिलला जन्मलेल्याचं काय? त्याचा साठावा वाढदिवस तर नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी येतो. यावर वाद झाले आणि २०१६ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला परिपत्रक काढावं लागलं. १ एप्रिलला जन्मलेल्या माणसाची वर्षं ३१ मार्चलाच पूर्ण होतात, असं त्यात सांगितलं. म्हणजे १ एप्रिल १९६६ ला जन्मलेला माणूस ३१ मार्च २०२६ रोजी साठीचा झाला, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर मागचं पूर्ण वर्ष ज्येष्ठ ठरला. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून नाहीतर १ जुलै लिहिलेली माणसं गावोगाव आहेत. त्या अंदाजावर आज हजारोंच्या वजावटी उभ्या आहेत, आणि कायदा त्याबद्दल काहीही म्हणत नाही!

इथवर हप्ता, वजावट, वाढदिवस झाले. पण हा हप्ता नेमकं विकत काय घेतो?

म्हातारपणाचा मोठा खर्च दवाखान्यात होतो असं आपण धरून चालतो. ऑपरेशन, आयसीयू, बिल. पण माय दवाखान्यातून घरी आली आणि अर्धांगाने पलंगाला खिळली तर पुढची पाच-सात वर्षं रोज कोणीतरी तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. याला इंग्रजी मुलुखात दीर्घकालीन देखभाल म्हणतात आणि तिचा वेगळा विमा असतो. पण विमा कंपनीला कळणार कसं, की आता या माणसाला देखभाल लागते? ‘थकली हो फार’ हे काही दाव्याच्या अर्जात लिहून चालत नाही.

या कोड्याचं उत्तर विम्यातून आलं नाही, मोडलेल्या खुब्यातून आलं. अमेरिकेत क्लीव्हलँड इथे सिडनी कॅट्झ नावाचे डॉक्टर खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचा अभ्यास करत होते. कोण किती बरं झालं हे मोजायला त्यांनी सहा साध्या गोष्टी धरल्या: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि आपल्या हाताने जेवणं. १९६३ मध्ये ही मोजपट्टी छापून आली. तिच्यात एक विलक्षण गोष्ट सापडली. म्हातारपणी या क्षमता कशाही, कुठल्याही क्रमाने जात नाहीत. बहुतेकांची अंघोळ आधी अडते, मग कपडे, आणि हाताने घास तोंडात घालणं सगळ्यात शेवटी जातं. आणि लहान मूल या गोष्टी शिकतं तो क्रम? बरोब्बर उलटा! आधी हाताने खायला शिकतं, एकटं अंघोळ करायला सगळ्यात शेवटी.

अमेरिकन कायद्याने ही यादी उचलली. सहापैकी दोन गोष्टी मदतीशिवाय जमत नाहीत, आणि ते किमान ९० दिवस तसंच राहणार असं डॉक्टर-नर्सने लिहून दिलं, किंवा स्मृतिभ्रंशासारखं काही गंभीर असलं, की देखभाल विम्याचे पैसे सुरू. १९९६ च्या कायद्याने तिथे या विम्याच्या हप्त्याला आयकरात वैद्यकीय खर्चाचा दर्जा आहे, आणि तोही वयाप्रमाणे चढत्या पायऱ्यांनी. २०२५ साठी चाळिशीच्या आतल्याला ४८० डॉलर, सत्तरीपुढच्याला ६,०२० डॉलर. तुमच्या नात्यातलं कोणी न्यू जर्सीत असेल तर विचारून पाहा. मात्र ते लगेच कुरकुरतील, कारण एकूण वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वर गेला तरच त्या वरच्या भागाची वजावट मिळते.

जर्मनीची कथा याहून चक्रावणारी. तिथे १९९५ पासून देखभाल विमा सक्तीचा आहे, पगारातूनच कापला जातो. २००१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने म्हटलं की मुलं वाढवणारा माणूस उद्याचे हप्ते भरणारे तयार करतोय, त्याच्याकडून निपुत्रिकाइतकाच हप्ता घेणं अन्यायाचं आहे. २००५ पासून मूल नसलेल्यांना जास्त हप्ता बसतो. मूल वाढवणं हाच एक हप्ता! मुलाकडे म्हातारपणाची सोय म्हणून पाहणं आपल्याकडे कोणाला नवं नाही. जर्मनीने त्याचा टक्का काढला.

आणि आपल्याकडे? देखभालीचा स्वतंत्र विमा भारतात जवळपास मिळतच नाही. पण कॅट्झची यादी मिळते. कुठे, ते ऐकून तुम्ही थक्क व्हाल. घरातली कोणतीही मेडिक्लेम पॉलिसी काढा आणि ‘वगळलेल्या गोष्टी’ असलेलं पान उघडा. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी या वगळणुकी एकसारख्या शब्दांत ठरवून दिल्या आहेत आणि त्यांना क्रमांक दिले आहेत. त्यातला क्रमांक ०५ वाचा. अंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडा-फिरायला मदत करणं अशी रोजची देखभाल, मग ती घरी असो की शुश्रूषागृहात, प्रशिक्षित नर्सने केलेली असो की साध्या मदतनिसाने, या पॉलिसीत बसत नाही. ज्या शब्दांनी अमेरिकेत विम्याचं दार उघडतं, जवळपास त्याच शब्दांनी आपल्याकडे ते बंद होतं.

तेव्हा मायच्या मेडिक्लेमवर जी वजावट मिळते ती दवाखान्यातल्या खाटेची. घरातल्या पलंगाचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. आणि पलंगाला खिळलेल्या मायला नवी पॉलिसी द्यायला सहसा कोणी तयार होत नाही, ते वेगळंच. कायद्याला हे २०१५ साली अर्धवट आणि २०१८ साली नीट उमगलं. आज साठीपुढच्या आई-वडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्यावर केलेला वैद्यकीय खर्चच ५०,००० पर्यंत ८० डी मध्ये दाखवता येतो. अट एकच: रोख नको. औषधाच्या दुकानात यूपीआयने दिलेले पैसे चालतात, खिशातून काढून दिलेली नोट चालत नाही. रोखीला माफी फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, तीही याच मर्यादेच्या आत ५,००० पर्यंत.

पण खरा चमत्कार शेजारच्या कलमात आहे, ८० डीडी मध्ये. कर सल्लागार सोडले तर त्याचं नाव घेणारं कोणी मला फारसं भेटत नाही. मायचं अर्धांग कायमचं असेल, ती गुरुजींवर अवलंबून असेल, आणि जिल्हा सामान्य रुग्णालयातून तिला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं असेल, तर गुरुजींच्या उत्पन्नातून वर्षाला ७५,००० रुपये वजा. प्रमाणपत्रावर ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. या कलमात उपचार आहेत, प्रशिक्षण आहे, पुनर्वसन आहे, आणि शुश्रूषाही आहे! क्रमांक ०५ ने जे बाहेर काढलं ते इथे आत आलं. आणखी नवल पुढेच आहे. खर्च वीस हजार झाला काय किंवा तीन लाख झाला काय, वजावट तेवढीच, ठोक. बिलांची चळत लावायची नाही. रात्री दोनला कूस बदलून देण्याची पावती कुठून आणणार? कायदा लिहिणाऱ्याच्या मनात हेच होतं का सांगता येत नाही, पण पावती न मागणारी वजावट आयकरात दुर्मिळ असते.

याच कलमात आणखी एक खण आहे आणि त्यात भारतातल्या देखभाल विम्याचं खरं बीज दडलंय. दिव्यांग अवलंबितासाठी एलआयसीच्या किंवा मान्यताप्राप्त विमा कंपनीच्या विशिष्ट योजनेत भरलेला पैसाही इथे धरला जातो. एलआयसीची ‘जीवन आधार’ ही त्यातली प्रसिद्ध. कल्पना अशी की मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे आई-बाप गेल्यावर त्याला ठरावीक रक्कम मिळत राहावी. इथे देखभालीची दिशा उलटी आहे. म्हातारे आई-बाप, आणि चाळिशीतलं मूल.

आता त्यातली मेख पाहा. वजावट हवी असेल तर योजनेचे पैसे बापाच्या मृत्यूनंतरच मिळायला हवेत, अशी अट होती. बाप जिवंत आहे म्हणजे तो पोसणारच, हे गृहीत. पण साठीला निवृत्त झालेल्या, पगार थांबलेल्या बापाने काय करायचं? लेकराला पैसे मिळावेत म्हणून मरायचं? एका बापाने हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. जानेवारी २०१९ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने कलम रद्द केलं नाही, पण या अडचणीकडे पुन्हा बघा असं केंद्राला सांगितलं. २०२२ च्या वित्त कायद्याने कलम बदललं. आता पालक साठीला पोचला आणि त्याने हप्ते भरणं थांबवलं, की त्याच्या डोळ्यांदेखत मुलाला पैसे सुरू होऊ शकतात. एका माणसाच्या अर्जामुळे कायद्यात बापाला म्हातारं व्हायची परवानगी मिळाली, असं म्हटलं तरी चालेल.

तिसरं कलम, ८० डीडीबी, ठरावीक आजारांसाठी आहे. मर्यादा ४०,०००, रुग्ण साठीपुढचा असेल तर १,००,०००. इथे मात्र प्रत्यक्ष खर्च दाखवावा लागतो आणि विम्याकडून परत मिळालेली रक्कम वजा होते. आजारांची यादी नियम ११ डीडी मध्ये आहे. कर्करोग आहे, मूत्रपिंड निकामी होणं आहे, पार्किन्सन आहे, स्मृतिभ्रंशही आहे. रक्ताच्या आजारांत दोन नावं: हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया. भंडाऱ्याचा वाचक इथे थबकेल. सिकलसेल कुठे आहे? पूर्व विदर्भात हा आजार घराघरांना ठाऊक आहे. त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस दिव्यांगत्वांत त्याला जागा दिली. पण या यादीत थॅलेसेमिया आहे, त्याच हिमोग्लोबिनच्या बिघाडातून येणारा सिकलसेल नाही. तुमसर-मोहाडीत यादी बनली असती तर पहिलं नाव कोणतं असतं, हे काय सांगायला हवं?

एवढ्या वजावटी गोळा केल्या, पण हातात पैसे किती पडतात? इथे भलेभले चुकतात. दोन लाखांची वजावट म्हणजे दोन लाखांची बचत नव्हे. खळ्यावर धानाची रास डोळ्यांपुढे आणा. तळाच्या धानावर कर नाही, मधल्या थरावर ५ टक्के, त्यावर २०, आणि टोकाच्या थरावर ३० टक्के. वजावट नेहमी टोकावरून उपसली जाते. म्हणून एकाच वजावटीची किंमत प्रत्येक घरी वेगळी.

गुरुजींचा पगार वर्षाला १४ लाख धरू. जुन्या करप्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि भविष्यनिर्वाह निधी वगैरेंची दीड लाखाची, अशा गेल्या की राहिले १२ लाख. आता ८० डी चे ७५,०००, म्हणजे स्वतःच्या कुटुंबाचे २५,००० आणि मायचे ५०,०००. शिवाय मायच्या ८० टक्के दिव्यांगत्वाचे १,२५,०००. बरोबर दोन लाख गेले, राहिले १० लाख. उपसलेला सगळा थर ३० टक्क्यांचा. त्यावर ४ टक्के उपकर धरून वाचले ६२,४०० रुपये. व्यवसाय करासारखं बारीकसारीक मी सोडून दिलंय. छान आहे ना?

थांबा. या हिशोबाने गुरुजींना भरायचे राहतात १,१७,००० रुपये. आणि नव्या करप्रणालीत? तिथे ८० डी नाही, ८० डीडी नाही, ८० डीडीबी नाही. मायचं अस्तित्वच नाही. फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने खाली आणलेले दर. कर येतो ८१,९०० रुपये. म्हणजे माय, तिचं प्रमाणपत्र, औषधांच्या पावत्या, हे सगळं मांडूनही जुनी प्रणाली ३५,१०० रुपयांनी हरते!

गुरुजींनी घर बांधलं असेल आणि गृहकर्जाचं दोन लाख व्याज असेल तर मात्र पारडं फिरतं. मग जुन्या प्रणालीत कर ७५,४००, नव्यापेक्षा ६,५०० ने कमी. आता नीट बघा. मायच्या वजावटी नसत्या तर गुरुजी मुकाट नव्या प्रणालीत गेले असते आणि ८१,९०० भरून मोकळे झाले असते. म्हणजे दोन लाखांच्या त्या भारदस्त वजावटींनी त्यांना खऱ्या अर्थाने दिलं काय? ६,५०० रुपये! उलट, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. कंपनीने मूळ हप्ता वाढवला नाही तर ५०,००० च्या हप्त्यावर ९,००० रुपये तिथेच सुटतात, कोणतंही कलम न उघडता. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात या तीन कलमांचे क्रमांक १२६, १२७ आणि १२८ आहेत. पण नवी प्रणाली निवडणाऱ्याला ती पूर्वीइतकीच निरुपयोगी.

आणि ज्याला आयकरच नाही त्याचं काय? भंडारा हा धानाचा जिल्हा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. १८६० मध्ये इंग्रजांनी पहिला आयकर लावला तेव्हा शेतीही त्यात होती, १८८६ च्या कायद्याने ती बाहेर काढली. त्याच १८८६ च्या कायद्यात आयुर्विम्याच्या हप्त्याची वजावट होती, उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत. म्हणजे हप्ता भरणाऱ्याला करात सूट ही कल्पना आपल्याकडे १४० वर्षं जुनी, आणि धान पिकवणारा त्याच कायद्याने करातून सुटला आणि सुटीतूनही. ज्या राशीवर करच नाही तिच्या टोकावरून काय उपसणार?

त्याच्या मायसाठी सरकारला सरळ पैसेच द्यावे लागतात. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पुन्हा दवाखान्यातल्या खाटेचेच. घरातल्या पलंगासाठी आहे राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना, २०२४ ची: पासष्टीपुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची असं काही घ्यायला खात्यावर ३,००० रुपये. गुरुजींचे ६,५०० दर वर्षी नव्याने वाचतात. हे ३,००० एकदाच मिळतात.